अकरा घरांना फोन आला नाही

१

यादी चोरीला गेली मंगळवारी, कळलं गुरुवारी, आणि मी तिथे पोहोचले शनिवारी सकाळी अकरा वाजता. नको तिथे नको त्या वेळी टपकायची माझी सवय जुनीच आहे.

माझं काम तसं निरुपद्रवी. हवेतून इंटरनेट देणाऱ्या लहान लहान कंपन्यांना आम्ही सॉफ्टवेअर विकतो. ग्राहक कोण, राहतो कुठे, प्लॅन कुठला, बिल कधी, छपरावरची डिश कुठल्या टॉवरकडे तोंड करून बसवलीय, तक्रार काय, सगळं त्यात. वर्षातून एकदा मी प्रत्येक ठिकाणी जाते, नवीन काय आलंय ते शिकवते, चहा पिते आणि येते. वय छपन्न. स्वभाव तिरसट आहे म्हणतात. म्हणणारी माझी सून आहे, तेव्हा खरं असेल.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. समोर काउंटर, त्याच्यामागे फोनची खोली, बाजूला मालकाची केबिन, आणि जिथे जागा मिळेल तिथे डिशची खोकी. खिडक्यांना जाळ्या. आत-बाहेर करायला दार एकच, जाड काचेचं. मी आत आले, पर्स खाली ठेवली, आणि मागे खट्ट आवाज झाला.

दार लावलं होतं ताईंनी. ताई म्हणजे मालकाची मोठी बहीण, कंपनीत निम्मी भागीदार. महिन्यातून एकदा यायच्या, उभ्याउभ्या चार प्रश्न विचारायच्या आणि सगळ्यांचा दिवस खराब करून जायच्या. त्यांनी किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

"कोणी केलं ते कळेपर्यंत इथून कुणी हलायचं नाही," त्या म्हणाल्या. "पाच वाजता इन्स्पेक्टर येणार आहेत."

"अहो, पण मी बाहेरची!"

"तुम्ही तर हव्याच. तुमचंच सॉफ्टवेअर सांगतंय चोर कोण ते."

मला बंद दार सोसत नाही. तीन वर्षांपूर्वी लिफ्टमध्ये अडीच तास अडकले होते, तेव्हापासून मी दहा मजले असले तरी जिना चढते आणि बाथरूमची कडीसुद्धा अर्धीच लावते. मी त्या काचेकडे बघितलं आणि तळहाताला घाम फुटला.

"कोण आहे चोर?" मी विचारलं.

ताईंनी काउंटरकडे बोट केलं.

२

काउंटरमागे बसल्या होत्या वहिनी. त्यांना ग्राहकसुद्धा वहिनीच म्हणायचे. अकरा वर्षं त्याच खुर्चीत, कुणाच्या मुलाची परीक्षा आहे आणि कुणाची आई आजारी आहे हे न बघता सांगणाऱ्या. आज डोळे सुजलेले होते.

मी नोंदवही उघडली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी काहीही केलं तरी त्याची नोंद होते आणि ती नोंद कुणालाही पुसता येत नाही, अगदी मलाही. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: मंगळवार, दुपारी एक चाळीस. वापरणारा, काउंटर. कॉम्प्युटर, काउंटरचाच. काम, टेकडी टॉवरच्या सगळ्या ग्राहकांची यादी उतरवून घेतली.

टेकडी टॉवर म्हणजे या कंपनीचा टेकडीवरचा टॉवर. गुरुवारपासून त्याच्या ग्राहकांना फोन यायला लागले. फोन करणारे टाकीवाले, म्हणजे पलीकडच्या जुन्या पाण्याच्या टाकीवर टॉवर असलेली दुसरी कंपनी. त्यांना नाव माहीत, प्लॅन माहीत, मुदत कधी संपते ते माहीत. आमच्याकडे या, डिश फुकट बसवून देतो. दोन दिवसांत सव्वीस जणांनी इथलं कनेक्शन बंद करायला सांगितलं होतं.

"आणि हिचा दीर टाकीवाल्यांकडे कामाला आहे," ताई म्हणाल्या. "आणखी काय पाहिजे?"

"मॅडम, मी नाही केलं हो," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी तिकडे गाडी चालवतात फक्त. आम्ही एका घरात राहतो. तीन दिवस झाले, सासूबाई ताटावर बसल्या की मान वर करत नाहीत. त्यांना वाटतं, एक तर मी यादी दिली, नाही तर त्यांच्या मुलानं ती माझ्याकडून काढून घेतली. दोघांतलं कोणीतरी चोर, आणि दोघंही त्यांच्याच घरातले. इथे दार बंद, तिथे तोंडं बंद. आज पोलिसांनी नेलं तर मला पुन्हा कोण काउंटरवर बसवेल?"

मी त्यांचा कीबोर्ड उलटा केला. खाली चिकटपट्टीवर पासवर्ड लिहिलेला होता. मला ठाऊकच होतं. आमचं सॉफ्टवेअर माणशी पैसे घेतं, म्हणून मालकानं दोनच खाती घेतली होती. एक स्वतःच्या नावाचं आणि एक 'काउंटर' नावाचं, बाकी तिघांत मिळून. एका टूथब्रशनं तिघांनी दात घासण्याचा प्रकार. दर वर्षी मी यावरून आरडाओरडा करायचे आणि दर वर्षी मला चहा दिला जायचा.

"ताई," मी म्हटलं, "नोंद इतकंच सांगते की काउंटरचं खातं वापरलं. बोटं कुणाची होती ते नाही सांगत. हा पासवर्ड इथे सगळ्यांना पाठ आहे."

"मग तुमचं सॉफ्टवेअर काय उपयोगाचं?"

हे मात्र झोंबलं. सतरा वर्षं मी ते सॉफ्टवेअर डोक्यावर घेऊन फिरतेय. माझ्या तोंडून निघून गेलं, "पाचच्या आत नाव सांगते." बोलून चुकल्यावर घड्याळ बघितलं. पावणेबारा झाले होते.

३

मी एकेकाला बोलावलं. खोकी सरकवून दोन स्टुलं टाकली, दाराकडे पाठ केली, म्हणजे ते दिसणार नाही.

"मंगळवारी एक चाळीसला कुठे होतात?" मी वहिनींना विचारलं.

"गच्चीवर. सव्वा ते दोन मी वर जेवते. इथे खोक्यांच्या वासात घास उतरत नाही."

"एकट्याच?"

"एकटीच. सोबतीला कबुतरं."

"खाली आलात तेव्हा काही वेगळं?"

त्यांनी आठवून बघितलं. "काही नाही. कचऱ्याची टोपली तेवढी पार भिंतीला ढकलली होती. मी ती पायाशी ठेवते, पाकिटं फाडून टाकायला बरी. टॉवरवाल्याच्या बुटाचा धक्का लागला असेल, त्याला पायाखालचं दिसतच नाही."

मी तेही लिहून घेतलं आणि पुढे गेले.

फोन घेणाऱ्या तरण्याला सगळे 'हॅलो' म्हणायचे. कामाला लागून वर्ष झालेलं. तो मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून, कानाला हेडफोन लावून बसायचा.

"दीड ते दोन मी एका आजोबांशी बोलत होतो," तो म्हणाला. "राउटरची डबी बंद करा आणि चालू करा, एवढंच सांगायचं होतं. त्यांनी टीव्ही बंद केला, मग पंखा बंद केला, मग मेन स्विच. सव्वीस मिनिटं. रेकॉर्डिंग आहे, ऐका. हसू नका पण."

मी ऐकलं आणि हसले. त्याच्या हेडफोनची वायर हातभर होती. बोलता बोलता काउंटरपर्यंत जाणं शक्य नव्हतं. पाठीमागे कोण आलं, कोण गेलं, हेही त्याला कळणं शक्य नव्हतं.

मग टॉवरवाला. काटकुळा, उन्हानं रापलेला, खिशात नट आवळायचे दोन पाने आणि एक दुर्बीण.

"दुर्बीण कशाला?"

"तीच तर आमची विद्या, मॅडम. छपरावर उभं राहायचं आणि टॉवर दिसतो का बघायचं. दिसला तर नेट मिळतं. मध्ये झाड आलं, भिंत आली, संपलं. ग्राहक कितीही चांगला असो, टॉवर दिसत नसेल तर डिश लावून उपयोग नाही."

"मंगळवारी कुठे होतास?"

तो जरा घुटमळला. "दीडच्या सुमाराला इथे आलो होतो. वायरचं बंडल घेतलं आणि निघालो. कुणी बघितलं नाही."

"टाकीवाल्यांनी कधी बोलावलं होतं तुला?"

केबिनच्या दारात उभ्या असलेल्या ताई दोन पावलं पुढे आल्या. टॉवरवाल्यानं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मागच्या महिन्यात," तो म्हणाला. "पगार जास्त देत होते. मी नाही गेलो. पण हे मी कुणाला सांगितलंही नाही."

ताईंचा चेहरा असा झाला की माझ्या मनात आलं, आता वहिनींबरोबर यालाही बेड्या पडणार.

४

राहता राहिले मालक. पंचेचाळिशीचे, पण दिसायला साठीचे. चार वर्षांपूर्वी टेकडीच्या टॉवरवरून पडले, तेव्हापासून उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही. केबिनमध्ये बसले की तो पाय टेबलाखालून थेट पलीकडे निघतो आणि समोरच्याला आपले पाय कुठे ठेवावेत तेच कळत नाही. मी तिरकी बसले.

"मी इथेच होतो," ते म्हणाले. "जेवलो आणि दार लावून जरा पडलो. मला काय विचारता, माझीच तर यादी गेली."

तेवढ्यात त्यांचा मोबाइल थरथरला. त्यांनी तो उचलला, "बोला," म्हणाले, कुणाचं तरी नेट का मंद आहे ते समजावलं, ठेवला. पुन्हा थरथरला. पुन्हा "बोला." मी मोजलं, दहा मिनिटांत सात वेळा.

"सुट्टी कधी घेता?" मी विचारलं.

"बारा वर्षांत एकदा घेतली. पाय मोडला तेव्हा."

"त्याला कामाचं वेडच आहे," ताई कौतुकानं म्हणाल्या. "अंघोळीला जातानासुद्धा फोन घेऊन जातो."

मालकांनी फोन टेबलावर पालथा ठेवला, आणि तो पालथाच थरथरत राहिला.

मी बाहेर आले. हॅलो सोडला तर कुणीही करू शकलं असतं, कुणाविरुद्धच पुरावा नाही, आणि ते दार. मला श्वास पुरेना. मी काचेला हात लावून उभी राहिले. जिन्यात एक बाई भाजीची पिशवी घेऊन मजेत वर जात होती. मला तिचा भयंकर हेवा वाटला.

मागे हॅलोचा फोन चालू होता. "हो काका, टाकीवाल्यांचा फोन आला असेल तर घेऊ नका... काय? आलाच नाही? तुम्हाला का नाही आला?"

मी गर्रकन वळले.

"काय म्हणाला हा ग्राहक?"

"म्हणतोय, शेजारच्या सगळ्यांना फोन आले, मला एकट्याला नाही आला. अपमान झाल्यासारखा बोलतोय."

"टेकडी टॉवरचाच ना? यादीत आहे ना?"

"आहे की."

यादी तर सगळ्यांची उतरवली होती. मग हा माणूस सुटला कसा?

५

मी एकशे त्रेचाळीस ग्राहकांची यादी छापली आणि तिचे चार तुकडे केले. एक वहिनींना, एक हॅलोला, एक टॉवरवाल्याला, एक मी घेतला.

"सगळ्यांना फोन करायचा. एकच प्रश्न, टाकीवाल्यांचा फोन आला होता का? हो किंवा नाही. गप्पा नकोत."

गप्पा झाल्याच. वहिनींना लोक त्यांची तब्येत विचारत होते आणि त्या डोळे पुसत "बरी आहे हो" म्हणत होत्या. टॉवरवाल्याला एकानं कुत्र्यावरून झापलं. ताई पर्स मांडीवर घेऊन दाराशी बसून होत्या. मालक केबिनमधून बाहेर आले नाहीत. मी एकदा आत डोकावले तर ते यादीच्या आमच्या तुकड्यांकडे काचेतून बघत होते.

साडेतीनला आकडे जमले. एकोणीस जणांनी फोन उचललाच नाही. एकशे तेरा म्हणाले, आला होता. अकरा म्हणाले, नाही आला.

"उशिरा बिल भरणारे असतील," ताई म्हणाल्या. "असले ग्राहक कोण घेईल?"

वहिनींनी अकरा नावांवरून बोट फिरवलं. "नाही. यातले नऊ जण मुदतीच्या आधी भरतात."

"मग तक्रारखोर?"

"छे," हॅलो म्हणाला. "यातल्या निम्म्यांचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला."

मी कागद टॉवरवाल्यापुढे केला. त्यानं पहिली तीन नावं वाचली आणि वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला.

"काय झालं?"

"यांना टाकी दिसत नाही," तो हळूच म्हणाला. "हा गिरणीच्या मागे राहतो. या दोघांच्या मध्ये ती उंच इमारत आहे. टाकीवाल्यांनी यांच्याकडे डिश लावली असती तर नेट आलंच नसतं. म्हणून यांना वगळलंय. यादी देण्याआधी कोणीतरी वगळलंय, मॅडम. जो या छपरांवर उभा राहिलाय, त्यानं."

या छपरांवर कोण उभं राहतं, ते सगळ्यांना माहीत होतं. तो स्वतःच बोलून बसला होता.

ताईंनी फोन काढला. "इन्स्पेक्टरसाहेबांना जरा लवकरच बोलावते."

६

"थांबा," मी म्हटलं. "अरे, पुढची नावं वाच. सगळी वाच."

टॉवरवाल्यानं ओठ चाटले. "चार, पाच, सहा, सात... हो, यांनाही नाही दिसत. आठवा..." तो थांबला. "आठव्याला दिसते की! स्वच्छ दिसते. नववा, दहावा, अकरावा, चौघांनाही दिसते. यांच्यासमोर बर्फाचा कारखाना होता, त्याच्या भिंतीनं टाकी झाकलेली. पण तो पाडून तीन वर्षं झाली! पाडला त्याच आठवड्यात मी तिथे डिश बदलायला गेलो होतो. चौघांच्या गच्चीवरून टाकीवरचा गंजसुद्धा दिसतो."

"आणि जे एकशे तेरा आहेत, त्यांच्यात कुणी टाकी न दिसणारा आहे का?"

त्यानं कागद चाळले. मग त्याला या अवस्थेतही हसू आलं. "हा एक आहे. गेल्या वर्षीच घेतला आपण. काल टाकीवाल्यांचा माणूस याच्या छपरावर चढला, दहा मिनिटं उभा राहिला आणि तसाच उतरून गेला. मगाशी फोनवर तेच सांगत होता."

आता माझ्या डोक्यात सगळं जागेवर बसलं. आनंद मात्र झाला नाही. मी केबिनच्या दाराकडे तोंड करून बोलले, कारण ते अर्धवट उघडं होतं.

"टाकीवाल्यांनी स्वतः नावं वगळली असती तर आज काय दिसतं ते बघून वगळली असती. ते चौघे सुटले नसते. टॉवरवाल्यानं वगळली असती तरी तेच. हॅलो आला तेव्हा कारखाना पाडून दोन वर्षं झाली होती, त्याला तो माहीतच नाही. वहिनी गच्चीवर चढतात त्या जेवायला, तेही फक्त इथल्या. ज्यानं ही नावं वगळली त्याला छपरं पाठ आहेत, पण जुनी. त्याच्या डोळ्यांपुढे बर्फाचा कारखाना अजून उभा आहे. गेल्या वर्षीच्या ग्राहकाचं छप्पर त्यानं बघितलेलंच नाही, म्हणून तो यादीत राहिला."

"छपरांची माहिती तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल ना," ताई म्हणाल्या. "कुणीही वाचली असेल."

"तो रकाना जुन्या ग्राहकांचा रिकामा आहे. मी बघितलं. पहिल्या दिवसापासून ज्यानं डिशा लावल्या, त्यानं सगळं डोक्यातच ठेवलं होतं. पण टेकडीच्या ग्राहकांना टाकी दिसते की नाही, हे त्या काळी बघायची कुणाला गरज पडली असेल? टाकीवर तेव्हा टॉवरच नव्हता. हे मला अजून कळलेलं नाही."

ते ताईंना कळलं. त्यांचा फोनवरचा हात खाली आला.

"पाच वर्षांपूर्वी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदा लहान झालेला ऐकला, "आपला दुसरा टॉवर टाकीवर घालायचा म्हणून तो महिनाभर घरोघरी छपरं चढत होता. रोज येऊन सांगायचा, ताई, आज इतक्या घरांतून टाकी दिसली. मी नको म्हटलं. खर्च कशाला, टेकडीवरचा आहे ना. ती जागा मग त्या लोकांनी घेतली."

केबिनचं दार उघडलं. मालक काठी टेकत बाहेर आले.

"मीच काढली यादी," ते म्हणाले.

७

"पण का?" ताईंनी विचारलं. "स्वतःचीच कंपनी?"

"मला सुटायचं होतं गं," मालक म्हणाले. "बारा वर्षं हा फोन उशाशी आहे. पाय मोडून पडलो होतो तेव्हा दवाखान्यातसुद्धा मी 'बोला' म्हणत होतो. तुला तीनदा सांगितलं, विकून टाकू. तू म्हणालीस, वेड लागलंय का. तुझ्या सहीशिवाय मला विकता येत नाही, सोडता येत नाही. ग्राहकच गेले तर कंपनी आपोआप बंद पडेल, असं वाटलं. टाकीवाल्यांकडून मी काही घेतलं नाही. मागितलंही नाही."

"आणि ती अकरा नावं?" मी विचारलं. खरं तर मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"त्यांना तिकडून नेट मिळालं नसतं हो. कनेक्शन द्यायचं आणि चालायचं नाही, असं मी कधी केलं नाही." हे सांगताना त्यांची मान ताठ झाली. सगळी कंपनी बुडवायला निघालेला माणूस, पण टॉवर न दिसणाऱ्या घराला डिश लावणं त्याच्या हातून झालं नाही. तेवढ्यावरच तो सापडला होता. मला त्यांचा राग यायला हवा होता आणि येईना, म्हणून मी स्वतःवरच चिडले.

"काउंटरचं खातं का वापरलंत?"

"तिघं वापरतात. कुणाचं नाव येणार नाही असं वाटलं. वहिनींचा दीर तिकडे आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आणि ताईनं पोलिसांचं काढल्यावर माझी हिंमत झाली नाही."

ताईंनी फोन लावला. "साहेब, येऊ नका. तसं काही नाही, घरातलंच प्रकरण निघालं."

"घरातलं?" वहिनी उभ्या राहिल्या. अकरा वर्षांत त्या कुणावर आवाज चढवून बोलल्या नसतील. "माझ्यावर होतं तेव्हा पोलिसांचं होतं. तुमच्या भावावर आलं की घरातलं?"

ताईंनी मालकाकडे बघितलं, मालकांनी जमिनीकडे.

"मला दुसरं काही नको," वहिनी म्हणाल्या. "मॅडम, त्या नोंदीतून मला काढा."

"नोंद पुसता येत नाही," मी म्हटलं. "मलाही नाही. पण तिच्याखाली शेरा लिहिता येतो, आणि तोही पुसता येत नाही. फक्त ज्यानं लिहायचा त्यानं स्वतःच्या खात्यातून लिहायला हवा."

मालकांनी मान हलवली. काठी काउंटरला टेकवून ते वहिनींच्या खुर्चीत बसले. बसताना उजवा पाय लांब करायला जागा लागते, म्हणून त्यांनी सवयीनं, न बघता, पायाशी असलेली कचऱ्याची टोपली बुटानं भिंतीपर्यंत ढकलली.

वहिनींनी टोपलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. दुपारी साडेबाराला मी ते स्वतःच्या हातानं लिहून घेतलं होतं आणि दिवसभर अकरा छपरांवर हिंडत बसले होते.

मालक एका बोटानं लिहीत होते. 'मंगळवारी ही यादी मी काढली. काउंटरवरच्या वहिनी तेव्हा इथे नव्हत्या. त्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा यात काहीही संबंध नाही.' मी पान छापलं. त्यांनी खाली सही केली.

मोबाइल थरथरला. मालकांचा हात आपसूक तिकडे गेला, पण ताईंनी तो आधी उचलला. क्षणभर त्यांना फोन कसा धरावा तेच कळेना. मग कानाला लावून म्हणाल्या, "बोला." दुसऱ्या हातानं त्यांनी पर्सची चेन उघडली, किल्ली काढली आणि न बघता माझ्यापुढे धरली. पलीकडून कोणीतरी तारस्वरात बोलत होतं. मालकांनी डोळे मिटले आणि खुर्चीला डोकं टेकलं.

दार मीच उघडलं. जिन्यात आल्यावर इतका मोठा श्वास घेतला की खोकला आला.

वहिनी मागून उतरत होत्या. छापलेला कागद त्यांनी चौघडी करून ब्लाउजमध्ये ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा नीट घडी घातली.

"सोमवारी येणार का कामावर?" मी विचारलं.

"सोमवारचं सोमवारी बघू." त्या दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "आज आधी घरी जाते. जेवायला वाढते सगळ्यांना. सासूबाई आणि भाऊजी समोरासमोर बसतात, त्यांच्या मध्ये हा कागद ठेवते. मग बघू कोण मान वर करत नाही ते."

आणि त्या माझ्याही पुढे, भराभरा जिना उतरून गेल्या.